नळीतल्या अक्षता

मित्रांनो, मी नेमबाजीचं एक जुनं पिस्तूल आहे. न्यूनेन नावाच्या एका डच गावातल्या घरात, भिंतीला पक्क्या केलेल्या पोलादी कपाटात मी राहते. आत इतका शांत अंधार असतो, की कधीकधी मला माझा जन्म आठवतो : तेलाचा वास, कानशीची घासघास, उजेडासमोर धरलेली माझी कोरी नळी.

या देशात मला कोटाखाली लपवून कोणी हिंडत नाही. कुलूपबंद पेटीतून क्लबात जायचं, कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, परत यायचं. गोळ्यांची पेटी निराळी, तिची किल्लीही निराळी.

माझी मालकीण मालिनी जवळच्या आइंडहोवन शहरात चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करते. नेमबाजी संपली, की ती आधी माझं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा खोका, काढते. मग वरचा सरकता भाग मागे ओढून अडकवते, गोळीच्या घरात डोकावते, करंगळीनं चाचपते. माझं तोंड सतत लक्ष्याकडे, तिचं बोट चापापासून दूर. भरतानाही आधी नळी पाहायची, मगच मॅगझिन. तिच्या हातात मला धुक्यात तरंगल्यासारखं वाटतं.

२००६ च्या शरदात पुण्याहून तिचे सासरे गुरुनाथ आले. खंडेनवमीला त्यांनी पाट मांडला. त्यावर विळी, स्क्रूड्रायव्हर, मालिनीचा लॅपटॉप.

"आणि खरं शस्त्र कपाटात? वा गं सूनबाई!"

मालिनीनं हसत मला बाहेर काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि उघडंच पाटावर ठेवलं.

"गोळ्या?"

"नाही बाबा. घरात दोन्ही कुलपं मी एका वेळी उघडत नाही."

"म्हणजे बाणाशिवाय धनुष्य!"

"देव चालवून घेईल."

छोटी अश्लेषा पुढे सरकली. "आई, कॅन आय टच?"

"नाही. रिकामं असलं तरी नाही."

गुरुनाथांनी हळद-कुंकू वाहिलं, ओल्या अक्षता भरभरून टाकल्या. मला आजवर कोणी नमस्कार केला नव्हता. मी सुखावले. पण दोन-चार अक्षता उघड्या भागातून नळीत घरंगळल्या आणि तेलात चिकटून बसल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मालिनीनं मला वरवर पुसून कपाटात ठेवलं.

शनिवारी क्लबात स्पर्धा होती आणि तिला उशीर झाला होता. तिच्या शेजारी नेम धरणारे क्लबातले एक आजोबा म्हणाले, "अगं, कुलपातच होतं ना? भर लवकर!"

मॅगझिन माझ्याजवळ आलं. तुंबलेल्या नळीतून गोळी सुटली, तर नळी फाटू शकते, आणि मला धरलेला हात तिचा होता. मला ओरडता येत नव्हतं.

ती थबकली. मॅगझिन टेबलावर ठेवून तिनं नळीतून पाहिलं. पलीकडचा उजेड अर्धाच दिसला. त्या दिवशी ती खेळलीच नाही.

घरी तिनं सळईनं नळी साफ केली. पांढऱ्या फडक्यावर कुंकवाचे तांदूळ पडले.

"पोरी, हे माझ्यामुळे?" गुरुनाथांनी तांदळाचा एक दाणा उचलून विचारलं.

"मीही पुसताना आत पाहिलं नाही, बाबा."

"आशीर्वाद भलत्याच जागी टाकला मी." त्यांनी वाटीतून नव्या अक्षता घेतल्या आणि तिच्या दोन्ही हातांवर वाहिल्या.

मित्रांनो, मी कुठे दिसले, तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि मोठे झालात, की 'रिकामंच आहे' या शब्दांवर विसंबू नका, स्वतः पाहा. मला नमस्कार नसला तरी चालेल. मला धरणारे हात शाबूत राहू देत.