दुसऱ्याच्या जाळ्यात

आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भाच्याकडे आली, डोळा बरा झाला, आणि परत जायचा विषय कुणी काढला नाही. तिने तर नाहीच नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली बाई, नवी नजर मिळाल्यावर गप्प कशी बसणार? खिडकीजवळच्या टेबलावर तिने आपली हत्यारं मांडली. टेबल खरं तर भाचेसुनेचं. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. "बसा हो आत्या, मी मैत्रिणीकडे जाऊन काढीन," असं ती हसत म्हणाली होती, आणि आत्यानेही ते सोयीस्करपणे खरं मानलं. आपण या घराला जड तर झालो नाही ना, हा प्रश्न तिला अधूनमधून टोचायचा, पण विचारायची छाती होत नव्हती.

खिडकीबाहेर गज आणि पाइप यांच्यामध्ये एक पाय तुटलेल्या कोळिणीने जाळं विणलं होतं. भाचा झाडू घेऊन आला, तर आत्याने त्याला पिटाळून लावलं. मग सहज म्हणून घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून बघितलं, तर कोळीण एकटी नव्हती. जाळ्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे चंदेरी कोळी लटकले होते. मोठी कोळीण माशी गुंडाळायला लागली की सगळं जाळं थरथरायचं, आणि तेवढ्या गडबडीत ही मंडळी पुढे सरकायची. ती थांबली की हीही जागच्या जागी थांबायची. आत्याला हसू आवरेना. लोकांची घड्याळं उघडी पडून राहिली.

जेवताना तिच्या तोंडी दुसरा विषयच नसे. मोठी ज्या चिलटांकडे ढुंकूनही बघत नाही, ती हे खातात. कधी तिने गुंडाळून ठेवलेलंही पळवतात. ती धावून आली की धाग्याला लटकून खाली सटकतात, आणि जरा वेळाने पुन्हा हजर.

भाचा म्हणाला, "म्हणजे फुकटे."

आत्याला ते लागलं. "एवढंसं तर खातात," ती म्हणाली. "तिचं काय जातं?"

भाचेसून ताटं आवरायला उठली.

मोठीचं काय जातं, हे बघायचंच असं आत्याने ठरवलं आणि रोज भिंग लावून बसू लागली. एका सकाळी जाळं होतं, चंदेरी पाहुणे होते, मोठीचा पत्ता नव्हता. पाखराने उचललं की काय? आत्या गजांना गाल टेकवून शोधत राहिली. शेवटी न्हाणीघराच्या खिडकीवर, ऊन न पोचणाऱ्या कोपऱ्यात, एक नवं लहानसं जाळं दिसलं. मध्यभागी तीच बसलेली, तुटक्या पायावरून ओळखू आली. कुणी हाकललं नव्हतं. तिची तीच उठून गेली होती.

मागे दाराशी भाचेसून कागदांची गुंडाळी काखेत धरून चपला घालत होती. आत्या तिच्याकडे बघतच राहिली.

"माझ्यामुळे जातेस का गं?"

भाचेसून थांबली. नेहमीचं 'छे हो, काहीतरीच' तिच्या ओठांवर आलेलं दिसलं, पण ते बाहेर पडलं नाही.

"हो," ती म्हणाली. "सांगणार होते. पण सांगितलं तर तुम्ही बॅग भराल असं वाटलं."

आत्याला रडू आलं. वाईट वाटलं, आणि कुणीतरी एकदाचं खरं बोललं म्हणून बरंही वाटलं. तिने पदराने डोळे पुसले, ऑपरेशन झालेला जरा जपूनच, आणि हत्यारांचा ट्रे उचलायला घेतला.

"बॅग नाही भरत. पण मला उजेडाची दुसरी जागा बघून दे."

भाचेसुनेने चपला काढल्या आणि ट्रेचं दुसरं टोक धरलं. बारके स्क्रू सांडतील म्हणून दोघी अगदी हळू चालत आतल्या खोलीच्या खिडकीपाशी गेल्या.