गळ्यावरचं पान

केळीच्या खांबावरून लिंबाची दोन भकलं दोन्हीकडं घरंगळली. उस्तादांनी दांडपट्टा खाली टेकवला आणि नेहमीसारखं विचारलं, "पान?"

दिपा वाकली. आडव्या ठेवलेल्या खांबावर विड्याचं पान आणि पानावर लिंबू, अशी ती मांडणी असे. एका वारात लिंबू कापायचं आणि पानाला धक्का लागू द्यायचा नाही, यातच सगळं कसब. पण आज पान मधोमध चिरलं होतं. तिनं ते उचललं तर खाली केळीच्या सोपटालाही खोल चीर पडलेली, आणि चिरेतून पाणी झिरपत होतं.

आज जिथं केळीचा खांब होता, तिथं परवा तिचा गळा असणार होता.

"पान कसं हाय, बेटा?"

"साबूत हाय, उस्ताद."

शब्द गेला तो गेलाच. तिनं पान मुठीत दडवलं आणि मग गुपचूप ओढणीच्या टोकाला बांधून टाकलं.

उस्तादांनी पातं फडक्यानं पुसलं. "मला वाटलं, हात जरा खाली गेला. पण तू म्हनतीस तर बराबर."

गुलाम नबी उस्तादांचं वसमतला हळदीच्या बाजारामागं कल्हईचं दुकान होतं. दिवसभर भाता आणि निखारे. सकाळ-संध्याकाळ मागच्या अंगणात लाठी आणि पट्टा. दिपाचे वडील देविदास बाजारात हळदीची पोती उचलत. दुपारच्या भाकरीला ते दुकानाच्या सावलीत बसत, आणि त्यांच्यासोबत येणारी लहानगी दिपा मागच्या अंगणातली लाठी टक लावून बघत राही. एक दिवस उस्तादांनीच तिच्या हातात काठी दिली. "पोरगी लाठी फिरवून काय गुरं हाकणार?" असं त्यांच्या लमाण तांड्यावर लोक हसले, पण देविदासनं तिचं येणं बंद केलं नाही. आता ती एकोणिसाची झाली होती, आणि उस्तादांची नात नाहिद सोडली तर तिच्याइतकं टिकलेलं कुणी नव्हतं.

त्या अंगणात एक रीत होती. खांबावर कुणीही हात बसवावा, पण ज्याला माणसावर पट्टा चालवायचा असेल त्यानं आधी पट्ट्याखाली झोपायचं. आपली मान खाली घातल्याबिगर दुसऱ्याच्या मानेचं मोल कळत नाही, असं उस्ताद म्हणत. नाहिद मागच्या साली झोपली होती. यंदा सव्वीस जानेवारीला, शाळेच्या मैदानावर, पाळी दिपाची होती.

घरी जाताना जीपमध्ये बसल्या बसल्या तिला एकेक गोष्ट आठवू लागली. उस्ताद नेहमी हिरवी, कडक लिंबं मागत. दिवाळीपासून म्हणू लागले, "पिवळी आन, पिकलेली." परवा परवा तर पिवळ्या लिंबालाही चुन्याचं बोट लावून घेतलं होतं. लाठी शिकवताना ते आता पोरींचे पाय बघत नव्हते, कान देऊन ऐकत होते. "नाहिद, तुझा डावा पाय घासून राहिला," असं पाठमोरं म्हणाले होते, तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. दिपानंही वाजवल्या होत्या.

मग हे सांगायचं कुणाला? ज्यानं हातात काठी दिली, त्याला तोंडावर म्हणायचं, तुमचे डोळे गेले? जीभ रेटत नव्हती.

सोमवारी ती चुलीपुढं बसून घास न गिळण्याचा सराव करत होती. पट्ट्याखाली झोपलेल्यानं आवंढा गिळायचा नाही. आवंढा गिळला की गळ्याची गाठ हलते, गाठ हलली की लिंबू हलतं. आणि जितकं गिळायचं नाही म्हणावं, तितकी तोंडात लाळ साचत होती.

"काहून गं, भाकर काय बैलासारखी रवंथ करून राहिली?" बेबीबाई, तिची आई, म्हणाली.

"काई न्हाई, याडी."

"उद्या माझा मंगळवार हाय. जगदंबेला सांगून ठिवते, माझ्या लेकराच्या गळ्याला संभाळ म्हनून." बेबीबाईनं देव्हाऱ्यातला काळा दोरा आणला आणि तिच्या गळ्यात घालू लागली.

दिपा झटक्यानं मागं सरली. "गळ्यात काई नगं! दोऱ्यात पातं अडकतं."

बेबीबाईचा हात तसाच राहिला. लेकीच्या तोंडाकडं ती बघत राहिली. "तू त मागच्या साली नाहिदसाठी लिंबू धुवून आनलं व्हतं, हसत. आता काय झालं?"

बेबीबाईनं दोरा तिच्या डाव्या मनगटाला बांधला, गाठीवर कपाळ टेकलं आणि हळूच म्हणाली, "देवीपुढं खरं बोलल्याबिगर नवस पोचत न्हाई, बाई. बघ."

ओढणीच्या टोकात ते पान सुकत चाललं होतं.

मंगळवारी मैदान भरलं होतं. झेंडावंदन झालं, लेझीम झाली, लाडू वाटून झाले. लाठीचे हात झाले तेव्हा शिट्ट्या पडल्या. मग उस्तादांनी पट्टा चढवला. लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात झाकणारी, आणि पुढं लवलवतं लांब पातं. हवेत त्याचा सूंऽऽ असा आवाज झाला आणि लेकरं मागं सरकली.

दिपा सतरंजीवर उताणी झोपली. नाहिदनं तिच्या गळ्यावर पान ठेवलं आणि पानावर पिवळं लिंबू.

"हलू नको गं," नाहिद कुजबुजली. "अन् मेलीस तर तुझी लाठी माझी."

एरवी दिपा हसली असती. पान थंडगार होतं. आभाळ पांढरं होतं, आणि आभाळात उस्तादांचा चेहरा आला. ते वाकले. त्यांच्या बोटांनी आधी तिची हनुवटी चाचपली, मग पान, मग लिंबू. नाहिदच्या वेळी त्यांनी असं चाचपलं नव्हतं. इतक्या जवळून दिपाला त्यांच्या बुबुळावरची साय दिसली, दुधावर धरते तशी. ते तिच्याकडे बघत होते आणि तिला बघत नव्हते.

ते मागं सरले. सूंऽऽ आवाज सुरू झाला, जवळ येऊ लागला. दिपाच्या तोंडात लाळ साचली. आता गिळली तर लिंबू हलणार, नाही गिळली तरी पातं पेरभर खाली येणार. केळीच्या चिरेतून झिरपणारं पाणी तिच्या डोळ्यांपुढं आलं. मनगटावरचा दोरा कचकन रुतला, कारण तिची मूठ आवळली होती.

"उस्ताद, थांबा!"

लिंबू घरंगळलं. ती उठून बसली. पातं हवेत थरथरत थांबलं.

"अय, डरली रे डरली!" मागून कुणीतरी ओरडलं. "बाई, चूल फुकायला जा!" मैदान हसलं.

दिपा उठली. ओढणीच्या टोकाची गाठ तिला सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. सुकलेलं पान तिनं उस्तादांच्या मोकळ्या हातावर ठेवलं. उस्तादांचा अंगठा पानावरून फिरला, चिरेत अडकला, पुन्हा फिरला.

"हे कवाचं?"

"परवाचं. म्या खोटं बोलले."

तिला वाटलं, आता हाकलून देतील, आणि देऊ देत, निदान गळा राहील. मग असलं मनात आलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली.

"डोळ्याचं मला म्हाईत हाय, बेटा," उस्ताद फक्त तिला ऐकू जाईल असं बोलले. "मी डोळ्यावर न्हाई, तुझ्या पानावर इसंबून व्हतो."

त्यांनी पट्ट्यातून हात काढला आणि मूठ तिच्यापुढं धरली. मैदानाकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "ही झोपून उठली. आता रीतीपरमानं हिची पाळी. मी झोपतो."

हसणं बंद झालं.

"उस्ताद, न्हाई! म्या खांबावरच मारलंय, मानसावर न्हाई!"

"मग मला खांब समज," म्हणत त्यांनी टोपी काढून नाहिदकडं दिली आणि सतरंजीवर पाठ टेकली. "अन् ऐक. मी आवंढा गिळनार न्हाई. तू गिळून घे."

खाली झोपण्याची भीती तिला आता सोपी वाटली. तिथं फक्त हलायचं नव्हतं. इथं हलायचं होतं. उस्तादांच्या पांढऱ्या दाढीखाली सुरकुतलेला गळा, त्यावर हिरवं पान, आणि त्याखाली ठुकठुक उडणारी एक शीर. नाहिदनं लिंबू ठेवलं, आणि आता ती चेष्टा करत नव्हती. आपल्या आजोबांच्या डोक्याशी ती हात जोडून उभी राहिली होती.

दिपानं आवंढा गिळला. मनात जगदंबेचं नाव घेतलं, आणि उस्ताद घेतात ते नावही घेतलं. कुणाला राग येणार नव्हता. पातं फिरवलं. एक फेर, दुसरा फेर, पाय बराबर पडले. शीर उडत होती. लिंबू वाढून आभाळाएवढं झालं.

वार गेला.

लिंबू दुभंगलं. आंबट वास आला. मैदानावर कुणी टाळी वाजवली नाही, कारण उस्ताद हलले नव्हते.

"पान?" डोळे मिटलेलेच, त्यांनी विचारलं.

दिपा गुडघ्यावर बसली. साबूत म्हणावं, सगळे तेच ऐकायला थांबले होते. तिनं पान उन्हात धरलं.

"कडंला चीर हाय, उस्ताद. वरवर. आरपार न्हाई."

"अन् गळा?"

तिनं बोट फिरवून बघितलं. लिंबाचा रस होता, दुसरं काही नव्हतं. "साबूत."

उस्तादांनी आता कुठं आवंढा गिळला. मग टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या, पण दिपाच्या हातातून मूठ निघेना. ती नाहिदनं ओढून काढली. उस्ताद उठून टोपीसाठी हवेत हात फिरवत होते. दिपानं टोपी घेऊन त्यांच्या हातात ठेवली.

"उद्या लवकर ये," ते म्हणाले. "खांब घेऊन ये. अन् हिरवी लिंबं आन. पिवळी माझ्यासाठी व्हती."