मानाच्या पानाची बारावी ओळ

दीप्तीची श्वेता मागांच्या खडखडाटात गाढ झोपायची आणि माग थांबले की दचकून जागी व्हायची. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या त्या गल्लीत घराच्या दोन्ही अंगांना लूमचे कारखाने. इतर बाया लेकरू निजावं म्हणून शांतता मागतात. दीप्ती मात्र वीज जाऊ नये म्हणून मनातल्या मनात हात जोडायची. दुपारी दीड ते तीन, फार तर सव्वातीन, एवढाच वेळ तिचा स्वतःचा. त्यात धुणं वाळत घालायचं, डाळ निवडायची, जमलं तर जरा पाठ टेकायची. पण सत्त्याण्णवच्या संक्रांतीपासून यातलं काही न करता ती मांडीवर रेल्वेचं जुनं, लांबोडकं रजिस्टर घेऊन बसायची आणि पेन्सिलीचे ठिपके मोजायची.

ठिपके हॉकीचे होते.

हा खेळ तिच्या वडिलांनी काढलेला. नागनाथ उधना यार्डात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. ऐंशी सालच्या सुट्टीत पोरं दिवसभर उन्हात हिंडतात म्हणून त्यांनी घरातल्या फरशीवर खडूनं मैदान आखलं, चार कवड्या आणल्या आणि रद्दीत निघालेल्या रजिस्टरात तीन संघ लिहून काढले. उधना दीप्तीचा, कडोदरा तिच्या धाकट्या भावाचा, हितेशचा. तिसरा चलथाण, त्याला मालक नव्हता, तो बाबाच चालवत. खेळाडू सगळे मनातले, कागदावरचे. पण त्यांना नावं होती, वयं होती, एकदोघांना गुडघेदुखीसुद्धा होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मोसम, दिवाळीच्या सुट्टीत एक. दहा मोसम झाले की खेळाडू निवृत्त. त्या दिवशी बाबा उभे राहून त्याच्यासाठी दोन शब्द बोलत, आणि पोरं खरोखर रडत.

नियम सोपे होते. चढाई करणाऱ्यानं कवड्या टाकायच्या. तीन उताण्या पडल्या की चेंडू गोलावर. मग समोरच्या गोलकीपरच्या नावानं कवड्या टाकायच्या. दोन उताण्या पडल्या की चेंडू अडला. अडलेल्या चेंडूचा बाबा ठिपका काढत, गोलाचं वर्तुळ. आणि गोलकीपरच्या कवड्या टाकणारं माणूस पाच म्हणेपर्यंत जागेवर आलं नाही, तर फुकटचा गोल. त्यापुढे ‘गै.’ लिहायचं, म्हणजे गैरहजर. रेल्वेच्या माणसाच्या घरातला खेळ, हजेरी लागणारच.

चलथाणच्या गोलकीपरचं नाव तारा. तिच्या कवड्या टाकायला बाबांनी बायकोला सांगितलं होतं. तुला काही करायचं नाही, मधूनमधून चार कवड्या टाक, बस. सोनाबाई तवा खाली उतरवून यायच्या, एका हातानं कवड्या टाकायच्या आणि परत चुलीकडे जायच्या. दुसऱ्या हाताला पीठ असायचं, नाहीतर हळद.

पुढं शहाऐंशीत हितेशनं लुडोच्या डब्यातले दोन फासे आणले आणि जमानाच बदलला. आठच्या वर पडले की थेट गोल. गोलकीपरचं टाकणं गेलं, पाच म्हणणं गेलं, एकेका सामन्यात पंधरा-पंधरा गोल व्हायला लागले. त्यातला हितेशचा बुलेट म्हणजे कहर होता. दहा मोसमांत दोनशे चौदा गोल. कवड्यांच्या काळातला सगळ्यात मोठा आकडा सदतीस.

खेळ थांबून आता वर्षं झाली होती. दीप्ती सासरी गेली, हितेश कडोदऱ्याला कापडाच्या युनिटात हिशेबाला लागला. एक रीत तेवढी राहिली. रजिस्टरच्या पहिल्या पानावर छापील बारा ओळी होत्या. त्याला मानाचं पान म्हणत. निवृत्त होऊन वर्ष झालेल्यांतला एक खेळाडू दर बुद्धपौर्णिमेला, खीर झाली की, सगळे मत देऊन त्यावर चढवत. अकरा ओळी भरल्या होत्या. अकराच्या अकरा गोल मारणारे. बाबांनी सांगून टाकलं होतं की बारावी लिहिली की रजिस्टर बंद, नवं पान जोडायचं नाही. हितेशला ती ओळ बुलेटसाठी हवी होती, आणि तसं पाहिलं तर कुणाची हरकतही नव्हती.

दीप्तीची होती. तिला तिथं तारा हवी होती.

हे तिच्या डोक्यात आलं ते एका हातानं पोळी लाटताना. दुसऱ्या हातावर श्वेता होती. लेक झाल्यापासून तिला कळलं होतं की एक हात मोकळा असणं ही केवढी चैन असते, आणि पोळी लाटता लाटता तिला आईचा तो कवड्या टाकणारा हात आठवला. नऊ वर्षांची दीप्ती त्या हाताकडे कधी पाहत नसे, कवड्यांकडे पाहायची. आता तिनं पाहायचं ठरवलं. संक्रांतीला माहेरी गेली तेव्हा कवड्यांच्या काळाची दोन्ही रजिस्टरं पिशवीत घालून आणली आणि रोजच्या त्या दीड-दोन तासांत मोजायला बसली. वीज गेली, लूम थांबले, श्वेता उठली, की जिथं होती तिथं पेन्सिलीची खूण. चार महिने लागले. उधनाच्या गोलकीपरनं अडवलेले चेंडू दोनशे एकतीस. कडोदऱ्याचे दोनशे एकोणीस. ताराचे चारशे बारा. तिनं दोनदा मोजले आणि श्वेताच्या टाळूवर ओठ टेकले.

बुद्धपौर्णिमेला सगळे जमले. वंदना झाली, खीर झाली. शेजारचे चिंधाकाका नेहमीप्रमाणे आले. ते लूम चालवणारे, शिरपूरकडचे, आणि पहिल्या मोसमापासूनचे पंच. नागनाथांनी तांब्याचा गडू मधे ठेवला आणि प्रत्येकाच्या हातावर दोन दाणे दिले, एक तुरीचा, एक हरभऱ्याचा. तूर ताराला, हरभरा बुलेटला. एक गडूत टाकायचा, एक मुठीत राहायचा.

मत देण्याआधी बोलायची मुभा असे. हितेश म्हणाला, दोनशे चौदा म्हणजे दोनशे चौदा, त्यात बोलायचं काय. दीप्तीनं आपला कागद काढला. फाशांच्या काळात गोल स्वस्त होते, तेव्हा आकडा आकड्याशी ताडायचा नाही, ज्याला त्याला त्याच्या काळातल्या इतरांशी ताडायचं, असं तिनं नीट समजावलं. बुलेट त्याच्या वेळच्या दुसऱ्या नंबरापेक्षा थोडा पुढे होता. तारा दुपटीला पोचत होती.

हितेशनं रजिस्टर ओढून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि एक पान उजेडात धरलं. मग दुसरं. मग तो हसायला लागला.

“ताई, हे ठिपके नाहीत. ही हळद आहे.”

दीप्ती उठून गेली. पान उजेडात धरल्यावर दिसत होतं. काही ठिपके करडे, पेन्सिलीचे. काही जुने, तपकिरी पिवळे, कडा पसरलेले. चलथाणच्या रकान्यातच ते जास्त होते, कारण आई त्याच बाजूला वाकायची. वरणाचे शिंतोडे, हळदीची बोटं. लूमला लागून असलेल्या सासरच्या त्या खोलीत दुपारीही उजेड कमी. तिनं आईचा अर्धा स्वयंपाक चेंडू म्हणून मोजला होता.

चिंधाकाकांना खोकला येईपर्यंत हसू आलं. हसता हसता त्यांनी वर एक टाकलंच, “आन् कवडीले अक्कल ऱ्हास का, बेटा? पडनी तशी पडनी.” कवडीला कुठं अक्कल असते, पडली तशी पडली. तेही खरंच होतं. कवड्या सगळ्यांच्या सारख्याच; त्यात ताराची कर्तबगारी ती कोणती? दीप्ती खाली बसली. चार महिन्यांच्या दुपारी डोळ्यांपुढून गेल्या. श्वेता कुरकुरायला लागली तशी सोनाबाईंनी तिला उचलून घेतलं आणि लेकीला म्हणाल्या, जाऊ दे ना बाई, बुलेटच चांगला आहे.

नागनाथांनी रजिस्टर मागून घेतलं. चष्मा लावला. आपले ठिपके कोणते आणि घरधनिणीचे कोणते ते पाहत त्यांचं बोट रकान्यातून खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग त्यांनी रजिस्टर हितेशपुढे सरकवलं.

“तुझ्या कडोदऱ्याच्या रकान्यातले गै. मोज.”

हितेशनं मोजले. त्रेसष्ट. खेळ अर्धा टाकून पतंग पाहायला पळालेला, पाणी प्यायला गेलेला, रुसून बसलेला. उधनाचे मोजले. एकाहत्तर. दीप्ती मान खाली घालून हसली. शेजारी दोरीवरच्या उड्या मारायला जायची ती, तिला आठवलं.

“आता चलथाणचे.”

हितेश एक पान पाहून दुसरं उलटत गेला. पहिलं रजिस्टर संपलं. दुसरं घेतलं. त्याचा वेग हळूहळू कमी झाला. शेवटच्या पानावर आल्यावर तो पुन्हा दोन-चार पानं मागे गेला, चुकलं असेल म्हणून.

“एकही नाही,” तो म्हणाला.

दहा मोसम, दोनशेवर सामने. भाकरी तव्यावर, गाडीच्या वेळेचा डबा, नळाला पाणी यायची वेळ, आणि पाच म्हणायच्या आत प्रत्येक वेळी तो एक हात आलेला.

“कवडी कशी पडेल ते कुणाच्या हातात नव्हतं,” नागनाथ म्हणाले. “पाचच्या आत येणं तेवढं हातात होतं.”

हितेशनं शेवटचा प्रयत्न केला, की बुलेटच्या वेळी तो नियमच नव्हता. बाबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, की नियम काढून टाकला कुणी. त्रेसष्ट वेळा गै. लागलेल्या पोरानंच तो काढून टाकायला लावला होता.

सोनाबाईंना हे सगळं अवघडच वाटत होतं. नातीला थोपटत त्या म्हणाल्या, “मी कुठं जाणार होते रे? चूल तिथंच होती.”

दीप्तीला वाटलं, आईच्या मांडीवर श्वेताऐवजी आपणच असावं, थोडा वेळ.

गडू फिरला. एकेकानं पाठ करून दाणा टाकला. नागनाथांनी पितळी ताटलीत गडू उपडा केला. चार तुरी, एक हरभरा.

सगळ्यांनी हितेशकडे पाहिलं. त्यानं मूठ उघडली. हरभरा त्याच्या तळहातावर होता. दीप्तीनं स्वतःची उघडली, चिंधाकाकांनी उघडली, नागनाथांनी उघडली. सगळ्यांच्या हातात हरभरेच. मग सोनाबाईंनी पदराची गाठ सोडून तुरीचा दाणा दाखवला, चोरी पकडल्यासारखा.

“पोराच्या बाजूनं एक तरी नको का?”

हितेशनं मान दुसरीकडे वळवली आणि पेन्सिलीला टोक काढायचं निमित्त केलं. टोक झाल्यावर ती त्यानंच दीप्तीला दिली. चार महिन्यांची मेहनत, हळदीसकट, म्हणून लिहायचा मान ताईचा. तिनं बाराव्या ओळीवर सावकाश लिहिलं: तारा, गोलकीपर, चलथाण. मग रीतीप्रमाणे बाबा दोन शब्द बोलायला उभे राहिले. पण आज बोलण्याऐवजी बायकोकडे पाहून त्यांनी हात जोडले.

सोनाबाईंनी पान जवळ ओढलं. अक्षरावर बोट ठेवत नाव वाचलं, मग आणखी एकदा.

“पाच वर्षं उभी होती बिचारी,” त्या म्हणाल्या. “पाणी तरी विचारलं का कुणी तिला?”

चिंधाकाका पुन्हा हसायला लागले. हितेश मात्र उठला. माठातलं पाणी पेल्यात भरून त्यानं आणलं आणि आईपुढे धरलं. त्यांच्या एका हातावर श्वेता झोपली होती, म्हणून त्यांनी ते दुसऱ्या हातानं घेतलं.