मुंगी म्हणेल तेव्हा पळायचं

मुंगीच्या मामाएवढा पळवेडा माणूस तुम्ही बघितला नसेल. काम लिफ्ट दुरुस्तीचं, दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या खड्ड्यात उतरलेला, कोपरापर्यंत ग्रीस, आणि तरी पहाटे बूट चढवून गडी रस्त्यावर हजर. राहायचा बहिणीकडेच. ताई म्हणायची, याला बायको कशी मिळणार, ती बिचारी दार उघडेपर्यंत हा गल्लीच्या टोकाला गेलेला असतो.

आणि मुंगी म्हणजे ताईची मुलगी. सहा वर्षांची, एवढीशी, पण भारी चिवट. तिला सगळं कळायचं, ती हसायची, रुसायची, पण शब्द काही बाहेर पडायचा नाही. म्हणजे आत असायचा, अगदी तोंडापर्यंत यायचा आणि तिथेच अडकून बसायचा. ओठ जुळायचे, मान ताठ व्हायची, गळ्याची शीर दिसायची, आणि मग सगळं विरून जायचं. झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अशा मुलांचं एक केंद्र होतं, तीन खोल्यांचं. तिथल्या मॅडम तिला आरशासमोर बसवून तोंडाचे खेळ करायला लावायच्या, स्ट्रॉने फुंकून कापसाचे बोळे टेबलभर पळवायला लावायच्या. मुंगीवर त्या कधी चिडल्या नाहीत. चिडायच्या त्या मामावर. कारण याला मुंगीचं सगळं न बोलताच कळायचं. तिने भुवई हलवली की हा चप्पल आणून देणार, ओठ जरा पुढे काढले की चेंडू. दाराच्या कुरकुरीवरून लिफ्टचा बिघाड ओळखणारा माणूस, त्याला हे काय जड. वर छाती फुगवून सांगणार, आमच्या मुंगीला बोलायची गरजच पडत नाही.

एक दिवस मॅडमनी त्याला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "मामा, तुम्ही तिचे शब्द खाता. ती तोंड उघडेपर्यंत तुम्ही जेवून हात धुतलेले असतात."

लागलं ना त्याला. त्याने चंगच बांधला. केंद्रासाठी दौड काढायची, जो पळेल त्याने पैसे भरायचे, सगळे केंद्राला. ज्या ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त केली होती तिथे दारोदार फिरला, जिममधली पोरं पकडली, वॉचमन पकडले. मॅडमनी अट एकच घातली. शिट्टी वाजवायची नाही. मुंगी माईकवर "पळा" म्हणेल आणि मगच सगळ्यांनी सुटायचं. कितीही वेळ लागो, तोवर गप उभं राहायचं.

मग काय, घरात तालीम सुरू. मुंगी चपलांच्या कपाटावर बसलेली आणि मामा पॅसेजमध्ये वाकून, बोटं फरशीवर टेकवून तयार. सुरुवातीला तिचे ओठ जुळले की हा सुटायचाच, आणि ताई कान धरून परत आणायची. हळूहळू थांबायला शिकला. म्हणजे त्याला तरी तसं वाटलं. आणि एका संध्याकाळी आला, शब्द आला. आधी नुसता श्वास, मग "प", मग बऱ्याच वेळाने "ळा". मामा असा काही सुटला की थेट बाथरूमच्या दारावर आपटला, आणि मुंगी पोट धरून हसत कपाटावरून घसरली. ताई स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती, कुणाला ऐकू जायला नको म्हणून.

दौडीच्या दिवशी माणसं लोटली नुसती. सगळ्यांना नारिंगी टी-शर्ट. मुंगीचा तर घोट्यापर्यंत. तिला स्टेजवर उभं केलं, माईकवाल्याने माईक खाली करून दिला आणि तो बाजूला झाला. मामा पहिल्या रांगेत मधोमध. सगळं चिडीचूप. मुंगीने मामाकडे बघितलं. ओठ जुळले. मान ताठ झाली.

आणि मामा सुटला.

डोक्याने नाही हो, पायांनी. पायांनी तेवढंच पाहिलं आणि ते निघाले. मागच्यांना काय, पुढचा गेला म्हणजे पोरगी म्हणाली असणार, आपल्यालाच ऐकू आलं नसेल. अख्खी गर्दी ओरडत त्याच्यामागे सुटली. दुसऱ्या खांबापाशी त्याच्या लक्षात आलं. तो वळला, कोपरं मारली, शिव्या खाल्ल्या, पण लोंढ्याने त्याला पार चौकापर्यंत ओढत नेलं.

तो परत आला तेव्हा माईकवाला वायर गुंडाळत होता. मुंगी स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलेली. मामाने धापा टाकत माईकवाल्याला विचारलं, म्हणाली का ती? तो म्हणाला, गोंगाटात काय ऐकू येणार. ताई तिकडे पाण्याच्या टेबलावर होती. उरल्या मॅडम.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघत होते."

म्हणजे ती म्हणाली की नाही हे एका मुंगीलाच ठाऊक, आणि ती सांगणार कशी.

मामा गुडघ्यावर बसला. "मुंगे, माझं चुकलं. आत्ता म्हण. मी हलणार नाही, शप्पथ." मुंगीने त्याच्या बुटांकडे बघितलं आणि मान फिरवली.

लोक मात्र खूश. पैसे चांगले जमले, केंद्राचं वर्ष निघालं, जो तो मामाची पाठ थोपटून जात होता. फोटोत तो हसतोय असं वाटतं. नीट बघितलं तर दात आवळलेत.

त्यानंतर मुंगीने ओठ जुळवले नाहीत. आरशासमोर बसायची, मॅडम सांगतील तसे कापसाचे बोळे पळवायची, पण शब्दाची वेळ आली की तोंड मिटून शांत. अडकणंसुद्धा बंद. मॅडम म्हणाल्या, थांबू या. थांबण्याशिवाय आता दुसरं काही नव्हतंच.

परवा संध्याकाळी ताई बाहेर गेलेली, घरात दोघंच. मुंगी बाहेरून खेळून आली, घामाघूम. मामाला दिसलं, हिला पाणी हवंय. हात उचललाही त्याने, आणि मग मांडीखाली दाबून धरला. बसून राहिला. वाट बघत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टूल ओढलं, वर चढली, ग्लास भरला आणि त्याच्याकडे पाठ करून सगळं पाणी पिऊन टाकलं.