पांढऱ्यावर पांढरं

निळ्या दोऱ्याच्या चार लड्या, एकीसारखी दुसरी नाही.

कोटाची पितळी बटणं, घासून लख्ख.

डोळ्यांत घालायचे थेंब. दुपारचे राहिलेच.

शेजारीण : "अगंबाई, या सुईला टोकच नाही!" "नकोच," बाई म्हणाल्या. "या भरतकामाच्या कापडाला भोकं आधीच असतात."

तर झालं असं, की जुन्या दीपगृहाचं संग्रहालय होणार होतं. शेवटचे रखवालदार म्हणून बाईंच्या यजमानांना आमंत्रण आलं, आणि यांनी परस्पर कबूल करून टाकलं : माझ्या तिथल्या जुन्या खोलीत लावायला बायकोनं भरलेलं दीपगृह देतो. सुनेनं फोटोवरून चौकटींचा नमुना काढला. बाईंनी मॅटीचं पांढरं कापड ताणलं आणि हिवाळाभर मान मोडून फुल्या घातल्या.

आज यांनी चष्मा पुसून चित्र उजेडात धरलं. समुद्र होता. शेवाळासकट खडक होते. धक्क्याची नाव होती. मधोमध कोरं कापड.

"अगं, दीपगृह कुठंय?"

"ते काय, समोर. ते पांढरं, कापड पांढरं. दोरा कशाला वाया घालवू?"

सून हसली. "बाबा, पांढरं सोडतात हो तसंच. पण आई, कडेनं काळी रेघ तरी? आणि दिवा? त्याला पिवळा दिलाय मी."

"पिवळा संपला."

पिवळी लडी टोपलीत होती, कागदी पट्टीही न काढलेली. सुनेनं ती पाहिली, आणि फ्रेमवाल्याला फोन करायचं निमित्त काढून आत सटकली.

"लोक हसतील मला," ते म्हणाले. "उभा जन्म गेला माझा तिथं."

"माझा काय माहेरी गेला?"

"अजून तेच धरून बसलीस?"

तेच म्हणजे एवढंच. तेव्हा दीपगृहाच्या बेटावर वायरलेसवर निरोप आला होता, बाईंच्या आईचं काही खरं नाही, लगेच या. बेटावरून निघायला नाव एकच, वल्हवणारे हेच. बाई पेटी भरून धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "दिवा सोडून हलता येणार नाही मला," हे म्हणाले, "एखादं जहाज आपटलं तर?" बाई पेटी घेऊन परत वर आल्या. आई गेल्याचं वायरलेसवरच कळलं.

"चुकलो म्हणा," बाई म्हणाल्या. "एवढंच. आत्ताच्या आत्ता बसते भरायला, दिव्यासकट."

यांनी टोपलीतली पिवळी लडी उचलली, बोटांनी चाचपली, जागच्या जागी ठेवली. मग कोट चढवला आणि एकेक बटण लावत बसले.

"सूनबाई," बाईंनी हाक मारली, "सांग फ्रेमवाल्याला, चित्र तयार आहे. घेऊन जा म्हणावं."

आई गेली त्या आठवड्यात बंदरात संप होता; त्या वाटेनं एकही जहाज जाणार नव्हतं, आणि ते निरोपाच्या आदल्याच दिवशी दोघांनीही वायरलेसवर ऐकलं होतं.