एकाच सुईतलं रक्त

लॅबमधल्या यंत्राने आकडा दाखवला: एकशे नव्वद टक्के. सुमेधाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. उलट तिने रिपोर्टवर सहीसाठी टेकवलेलं पेन उचललं.

वरच्या मजल्यावर उमेळे गावचा केळीबागायतदार ॲन्सेल्म हर्नियाच्या ऑपरेशनसाठी गाऊन चढवून तयार बसला होता. त्याला हिमोफिलिया. रक्त गोठवणारा फॅक्टर आठ त्याच्या अंगात जन्मापासून नसल्यातच जमा. तो औषध म्हणून शिरेत द्यावा लागतो. सकाळी दिला होता. पातळी ऐंशीच्या वर आली तर अकराला ऑपरेशन, असं ठरलं होतं. आता दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सुमेधाने कागद ओढला. साठ किलोचा माणूस, तीन हजार युनिट औषध. पातळी चढायची ती शंभरपर्यंत, फार तर थोडी वर. मग हे नव्वद जास्तीचे कुठून आले?

तिने नमुना पुन्हा लावला. एकशे अठ्ठ्याऐंशी. मग पातळी आधीच ठाऊक असलेला, यंत्राच्या परीक्षेसाठी ठेवलेला प्लाझ्मा लावला. तो अचूक आला. यंत्र खरं बोलत होतं.

फोन वाजला. सर्जन डॉक्टर सामंत होते.

"काय गं, रिपोर्ट कुठे अडकला?"

"सर, आकडा फार जास्त आलाय. मी सही करत नाही."

"जास्तच आहे ना? कमी असता तर मी घाबरलो असतो."

"सर, दिलं त्याच्या दुप्पट अंगात कसं सापडेल?"

"भूलतज्ज्ञ साडेबाराला निघतील. सव्वाअकरापर्यंत काय ते सांग. आणि सुमेधा, उगाच फाटे फोडत असशील तर ते मी लक्षात ठेवीन."

ती जिना चढून गेली. ॲन्सेल्मच्या खाटेशी त्याची थोरली बहीण ॲंजेला बसली होती. चौतीस वर्षं नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली. भावाला सुई फक्त तीच टोचायची. त्याच्या शिरा दुसऱ्या कुणाला सापडतच नसत. ॲन्सेल्मच्या उजव्या कोपरावर पट्टी होती. डावा हात कोरा.

"सिस्टर, औषध उजव्या हातात दिलंत ना? मग तपासणीचं रक्त कुठून काढलं?"

"त्याच सुईतून. औषध संपलं तरी सुई काढली नाही, पंधरा मिनिटांनी रक्त घेतलं. एक टोचणं वाचलं त्याचं."

"सुईच्या नळीत औषध राहिलं असेल."

"सलाइनने धुतली होती. मला नको शिकवू, पोरी."

"धुतली तरी कडेला चिकटून राहतं, सिस्टर. ते औषध रक्तापेक्षा दोनशे पट कडक आहे. थेंबाचा एवढासा अंश मिसळला तरी आकडा भलतीकडे जातो. मला डाव्या हातातून रक्त हवंय."

ॲंजेला उठून भावाच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिली. "डाव्या हाताला एकच शीर उरलीय. ती भूलवाल्यांसाठी राखलीय. तू फोडलीस तर?"

सुमेधाने त्या डाव्या हाताकडे पाहिलं. शीर फुटली तर ऑपरेशन राहणार, आणि पहिला आकडा खरा निघाला तर तिनेच ते विनाकारण मोडलं असं होणार.

"घड कापताना केळीला कुणी विचारत नाही, तसं चाललंय तुमचं," ॲन्सेल्म मागून म्हणाला. "बाय, बाजूला हो. मॅडम, आकडा खोटा असला आणि पोट उघडलं, तर?"

"रक्त थांबवता येणार नाही."

त्याने डावा हात पुढे केला.

सुमेधाने सगळ्यांत बारीक सुई घेतली. मनगटाच्या वर निळसर रेघ होती, बोटाखाली सरकणारी. सुई आत गेली. काही आलं नाही. तिने श्वास रोखून सुई केसभर मागे घेतली, आणि नळीत लाल धार उतरली. पहिली नळी खुणेपर्यंत भरली; रक्त खुणेला टेकलं नाही तर तपासणी चुकते. मग दुसरीही. सुई निघताच ॲंजेलाने सवयीने कापूस दाबून धरला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आकडा आला. चौतीस.

तिने सामंतांना कळवलं. ते म्हणाले, "रद्द करतो."

ती पुन्हा वर गेली. आकडा ऐकून ॲंजेला खाटेच्या कडेवर बसली.

"चौतीस? औषध खराब होतं?"

"असू शकेल. किंवा त्यांचं शरीरच औषधाचा नाश करायला लागलं असेल. त्याची तपासणी वेगळी असते, मुंबईला पाठवावी लागेल."

"सहा वर्षं," ॲंजेला म्हणाली. "दर तीन महिन्यांनी मीच रक्त काढून लॅबमध्ये पोचवलं. प्रत्येक वेळी असंच, त्याच सुईतून. रिपोर्ट छान यायचे. हा म्हणायचा आत रक्त साचून गुडघा सुजतोय, आणि मी म्हणायची, तू वाडीत फार फिरतोस."

ॲन्सेल्मने गाऊनखालून डोकावणाऱ्या वाकड्या गुडघ्याकडे पाहिलं. "म्हणजे हा खोटं बोलत नव्हता तर."

ॲंजेलाने अजून भावाच्या हातावरचा कापूस सोडला नव्हता. "त्या तपासणीसाठी पुन्हा टोचायचं?"

"नाही. दुसरी नळी त्यासाठीच भरून घेतलीय."

"दाखव."

सुमेधाने खिशातून नळी काढून दिली. ॲंजेलाने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि रक्त खुणेला बरोबर टेकलंय का, ते डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली.