गोदामाचे पत्रे

रविवारी मुलगी येणार आणि सोमवारी यांना घेऊन जाणार, असं ठरलं होतं. म्हणजे तिनं ठरवलं होतं. विसरणाऱ्या माणसांना सांभाळणारी कुठलीशी संस्था तिनं शोधली होती. मी एकच अट घातली.

"त्यांनी मला ओळखलं, एकदा जरी, तुझ्यासमोर, तर ते घरीच राहतील. पुन्हा त्या संस्थेचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही ओळखलं तर, आई?"

"नाही कसं ओळखणार? एक्केचाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलेत. चेष्टा आहे का!"

तिनं मान डोलावली. भांडून भांडून तीही थकली होती बिचारी.

वहीची कल्पना मी यांना घेऊन जाते त्या दिवसकेंद्रातल्या बाईची. मी तिला वहीवाली म्हणते. जाड कागदाची वही घ्यायची. पानाला पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा. तो वाळला की जुने कागद, तिकिटं, फोटो चिकटवायचे, वरून नक्षी कापलेलं स्टेन्सिल ठेवून रंग टेकवायचा आणि मग मनात येईल ते लिहायचं. त्यातून म्हणे कधीकधी जुनं वर येतं. "यात चूक असं काही नसतंच, आजी," असंही म्हणाली. मला तेव्हाच शंका आली. ज्यात चूकच होत नाही ते काम कसलं!

तिनं दिलेली प्लॅस्टिकची फुलपाखरांची स्टेन्सिलं यांनी बोटानं बाजूला सारली. "हे आपल्याकडचं नाही," म्हणाले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. माळ्यावर यांच्या पत्र्यांचं गाठोडं होतं. बत्तीस वर्षं हे माल वाहतुकीच्या गोदामात शब्द छापायचे. आलेला खोका चाचपायचा, नेमका पत्रा काढायचा, खोक्यावर धरायचा आणि कापलेल्या अक्षरांतून काळा रंग उतरवायचा. नाजूक. ही बाजू वर. ओलाव्यापासून जपा. निवृत्त झाले तेव्हा जुने पत्रे घरी घेऊन आले आणि मी दहा वेळा तरी ते भंगारात घालायला निघाले होते.

पान मी शनिवारीच तयार केलं. पांढरा हात दिला. खाकी कागदाचे कपटे चिकटवले, जुन्या पडद्याची जाळी चिकटवली, त्यावर निळा रंग खेळायच्या पत्त्याच्या कडेनं ओढला. मधोमध आमचा फोटो लावला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. फोटोवाला हसा म्हणाला म्हणून मी मुद्दाम तोंड वाकडं केलेलं. हे मात्र दात काढून हसतायत. माझ्या मेलीच्या हाताला इतकी वर्षं रंग लागला नव्हता, पण पान बरं जमलं होतं.

रविवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, वही ठेवली, पत्रे ठेवले. मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर बसली. यांना आणून समोर बसवलं आणि हातात स्पंज दिला.

"रंग जास्त झाला," हे लगेच म्हणाले. "पत्र्याखाली शिरेल." आणि स्पंज वर्तमानपत्रावर टेकवून टेकवून जवळजवळ कोरडा केला. कित्येक महिन्यांत यांचं इतकं सरळ वाक्य ऐकलं नव्हतं. मी मुलीकडे पाहिलं. बघ म्हटलं, बघ!

मग त्यांनी फोटोच्या चारी कडांवरून बोट फिरवलं.

"कधी आलं हे?"

"एक्केचाळीस वर्षं झाली," मी म्हटलं.

"बाप रे." ते पत्रे चाळू लागले. 'नाजूक'वर थांबले. हाच काढा, अहो, हाच. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि सगळ्यात खालचा ओढला. फोटोवर आडवा धरला, डाव्या हातानं दाबला आणि टपटप रंग टेकवला. पत्रा अलगद सरळ वर उचलला. एकाही अक्षराची कड फुटली नव्हती.

आमच्या दोघांच्या छातीवरून शब्द उमटला होता. बेवारस.

"अहो, हे आपलं आहे," मी म्हटलं. "ही मी. नीट बघा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गोदामाच्या खिडकीपाशी आलेल्या माणसाकडे बघावं तसं, अगदी अदबीनं.

"पावती आहे?"

"कसली पावती?"

"माल सोडवायला आलात ना? पावतीशिवाय देता येत नाही, बाई."

मुलगी उठायला लागली. मी हातानं तिला बसवलं.

"पावती नाही. पण माझंच आहे हो."

"सगळे असंच म्हणतात." मग जरा पुढे वाकून, आवाज उतरवून म्हणाले, "खरंच तुमचं असेल तर लवकर यायचं होतं. इतकी वर्षं पडून आहे. होतात कुठे तुम्ही?"

गेली चार वर्षं मी या माणसाला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. अंघोळ, गोळ्या, शर्टाची बटणं, सगळं मीच. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. रडू नंतर.

"इथंच मेले होते मी!" मी ओरडले आणि वही ओढली.

त्यांनी ती हिसकून दोन्ही हातांनी छातीशी धरली. ओला रंग शर्टाला लागला. मुलीकडे वळून म्हणाले, "ताई, साहेबांना बोलवा. ही बाई माल पळवतेय. रोज येते ही."

त्यांचे हात थरथरत होते. ही थरथर मला पाठ होती. बटणं काढताना, दंडाला धरून न्हाणीकडे नेताना, रोज हीच. मी तिला हट्ट म्हणायचे, वरून दोन शब्द सुनवायचे. हट्ट नव्हता तो. माझा नवरा मला भीत होता, आणि भीतभीतच माझा फोटो माझ्यापासून जपत होता.

मुलीनं डोळे पुसले. "राहू दे, आई. नाही नेत मी त्यांना. बघू पुढच्या महिन्यात."

सहा महिने जे ऐकायला कान टवकारून बसले होते, ते ती आज बोलली.

"नको," मी म्हटलं. "उद्याच ने. आणि आत्ता तू बस त्यांच्याजवळ. साहेब येतायत म्हणून सांग."

मी आत गेले आणि दाराआडून पाहिलं. त्यांचे हात थरथरायचे थांबले होते.